माशांची सोयरीक

अख्ख्या पेडणे महालात, म्हणजे तालुक्यात, माझ्या व्याह्याइतका दुसऱ्याचा जीव खाणारा माणूस नाही. आमचा डिचोली महाल त्यात मिळवला तरी नाही. मी सारी उमर खनिजाचा ट्रक चालवला. मुळगावच्या चढावर समोरून गाड्यांची रांग आली तरी माझी गाडी मी कधी मागे घेतली नाही, समोरचे घेत. शाळा मी लांबूनच पाहिली, पण माणूस ओळखायला मला कुणी शिकवायला लागत नाही. अशा मला ह्या माणसाने हळर्णच्या घरात एका काचेच्या टाकीसमोर स्टुलावर बसवून ठेवलं, आणि मी बसलो. एकदा नव्हे, इतक्या वेळा बसलो की त्या स्टुलाला माझी बैठक कळली. ह्याचा मला अजून राग येतो.

तसा माणूस मोठ्या मानाचा. पोस्टातून निवृत्त झालेला, आणि पोस्टापेक्षाही सोयरिकी जुळवण्यात नाव काढलेला. कुठल्या घरचं कूळ काय, कुणाच्या आजीची माहेरची माणसं कुठली, कुठला मुलगा दिसायला गरीब पण रागाला वाईट, हे सगळं त्याला तोंडपाठ. त्याने जुळवलेलं एकही लग्न मोडलं नाही असं तो स्वतः सांगतो. माझी मुलगी त्याने त्याच्या धाकट्या मुलाला मागितली तेव्हा मध्यस्थही तोच होता. मुलाचा बाप म्हणून मान घेतला, मग उठून जागा बदलली आणि मध्यस्थ म्हणून पानसुपारी वेगळी घेतली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण पोरीला मुलगा आवडला होता, आणि माणूस वाईट नव्हता. वाईट नसणं आणि सोसवणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मला पुढे कळलं.

माझी विहीण वारली त्याच्या दुसऱ्या वर्षी थोरला मुलगा बोटीवरून सुट्टीवर आला. बाप दिवसभर सोप्यावर बसून रस्ता बघतो हे पाहून त्याला वाईट वाटलं. त्याने बापाला करमणूक म्हणून ही मोठी काचेची टाकी आणून दिली, पंप, दिवा, खडे, सगळ्यासकट, आणि पुन्हा बोटीवर निघून गेला. करमणूक बापाला झाली, शिक्षा मला.

आता मासा ही आम्हा लोकांना काही नवलाची वस्तू नाही. पण आमचा आणि माशाचा संबंध ताटातला. बांगडा ताजा की शिळा हे माणसाने त्याच्या डोळ्यात बघून सांगावं, तेवढंच. माझा व्याही मात्र माशाच्या डोळ्यात बघून त्याचा स्वभाव सांगायला लागला. टाकीवर त्याने एक पडदा शिवून घेतला होता. घरात हुमण-भाताचं, म्हणजे माशाच्या आमटी-भाताचं जेवण असलं की पडदा खाली. का, तर त्यांच्यासमोर तळलेली तारली खाणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, "व्याहीबुवा, ते समुद्राचे, हे गोड्या पाण्याचे. त्यांची ओळखसुद्धा नाही." तर म्हणाला, "ओळख नसली तरी जात एक ना? लाज राखूक होयी."

जेवणाखेरीज तो पडदा पडला तो एकदा चुंबणाऱ्या गुरामींपायी. गुरामी हा एक माशाचा प्रकार. चपटा, देखणा, पोटाखाली दोन मिशांसारखे लांब धागे, त्या धाग्यांनी आंधळ्याच्या काठीसारखा चाचपत फिरतो. दर थोड्या वेळाने पाण्यावर तोंड काढून हवा घेतो. त्यातली एक जात अशी की दोघं समोरासमोर येऊन तोंडाला तोंड लावतात आणि सोडतच नाहीत. व्याह्याच्या घरी भजनी मंडळ यायचं होतं. हार्मोनियम उघडली गेली आणि नेमक्या त्याच वेळी ह्या दोघांना जोर आला. माझा व्याही अभंग अर्धा टाकून धावला आणि पडदा ओढला. पुढे कळलं की ती माया नव्हतीच, ते भांडण होतं. तोंडाने ढकलून जागेचा निकाल लावत होते. हे कळल्यावर त्याला हायसं वाटलं. भांडण असेल तर भजनाला हरकत नाही म्हणाला.

पण खरी कहाणी त्याच्या मासे निवडण्याची. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी जातोच. बस स्टँडवर उतरलो की हा तिथे उभा, हातात रिकामी पिशवी, आणि माझा दंड धरून थेट माशांच्या दुकानात. दुकान एका जाड्या, तोंडाळ बाईचं. तिच्या कोनाड्यांत बाटल्याच बाटल्या आणि टाक्या. तिथे स्टुलावर बसून हा माणूस मासा "पाहायचा." हे पाहणं कसं, तर आम्ही मुलगी पाहायला जातो तसं. वय काय. खाणंपिणं काय. आवाज केला की दचकते का. आधी कुणाबरोबर ठेवली होती, त्या घरी कुणाशी वाजलं होतं का. एकदा एका मोत्याच्या गुरामीसमोर, म्हणजे जिच्या अंगावर मोत्यांसारखे ठिपके असतात तिच्यासमोर, सगळी सकाळ बसला. मला वाटलं आता घेणार. तर उठला, धोतराची घडी नीट केली आणि बाईला म्हणाला, "बरी आसा. पसंती कळयतंय."

बाई म्हणाली, "बाबा, तुका नुस्तें जाय काय सून जाय?" मासा हवा की सून, असं तिचं विचारणं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गेलो तर ती गुरामी विकली गेलेली. हा असा रुसला की विचारू नका. "दुसरीकडे दिलात? शब्द चाललो होतो आमचो," म्हणाला. बाईने कपाळावर हात मारला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. रस्त्यावरच्या माणसांना वाटावं की मी ह्याच्याबरोबरचा नव्हे, म्हणून पाववाल्याशी उगाच बोलत राहिलो.

ह्या सोयरीकबाजीपायी त्याने जी चूक केली ती दुसऱ्या कुणी केली नसती. लग्न जुळवताना त्याचा नेम एकच: आपल्यातलं बघा, घराण्याला घराणं जुळवा, एकमेकांची रीत ठाऊक असलेली माणसं सुखाने नांदतात. तोच नेम त्याने टाकीला लावला. बाईने सांगितलं की गुरामी आणि फायटर नावाचा मासा हे एकाच कुळातले, दोघेही वर येऊन हवा घेतात. झालं! ह्याने दोन नर निळ्या गुरामी घेतल्या, त्यांच्यात एक लांब झुपक्याचा तांबडा फायटर घातला, आणि मला म्हणाला, "व्याहीबुवा, भाऊबंद एका छपराखाली आणलंय. आता बघा कसे नांदतत."

मी म्हटलं, "भाऊबंद? आपल्या पेडण्या-डिचोलीत भाऊबंद कोर्टाच्या पायरीवर भेटतात. बांधावरच्या एका माडावरून डोकी फुटलीत. तुम्ही पोस्टात काय पत्रं वाटलीत, समन्स कधी वाटली नाहीत?"

त्याने ऐकलं नाही. मी सांगितलेलं तो कधीच ऐकत नाही. सांजवेळेपर्यंत फायटरच्या झुपक्याच्या चिंध्या झाल्या आणि दोन निळ्यांतला एक पंपामागे जाऊन जो लपला तो बाहेर येईना. मग प्रत्येकाला वेगळी बरणी. घरातल्या साऱ्या बरण्या ह्या भाऊबंदांनी अडवल्या. माझी मुलगी आमसुलांना हात घालायला गेली तर आतून तांबडा डोळे वटारून बघतो!

पण हट्टी माणूस. हरला नाही, नेमच उलटा केला. महिनोन्‌महिने बसून त्याने शोधून काढलं की गुरामीला गुरामीचाच त्रास, परक्याचा नाही. मग त्याने एक मोत्याचा नर आणि त्याच्यासाठी दोन माद्या आणल्या. एकीच्याच मागे लागून तिला दमवू नये म्हणून दोन. मधल्या पाण्यात बारक्या चपळ माशांचा थवा, जो कुणाच्या अध्यातमध्यात नाही. तळाला मिशीवाले, खाली पडलेलं वेचून खाणारे. वाघासारख्या पट्ट्यांचा एक मासा बाई फुकट देत होती तोही घेतला नाही, कारण तो गुरामीच्या धाग्यांना चावतो. वर पाण्यावर तरंगणारी वनस्पती, तोंड लपवायला. हे सारं मला कसं ठाऊक? मला ऐकवलंय म्हणून. "वरल्या माळ्यार एक कुटुंब, मधल्यार दुसरा, तळाक तिसरा. एकमेकांची वाट अडयत नाय," असं तो मला सांगायचा, आणि मी मान हलवायचो, आणि माझं बोलायचं ते राहून जायचं.

कारण मी हळर्णला मासे बघायला जात नव्हतो. मला एक गोष्ट बोलायची होती.

माझी मुलगी म्हापशात एका दवाखान्यात नर्स. जावई म्हापशातच कचेरीत. पोरीला दिवस गेले होते. पहाटे उठून घरचं करायचं, खचाखच भरलेल्या बसने उभ्याने म्हापसा, दिवसभर पायांवर, आणि पुन्हा तशीच परत. पाय सुजायला लागले होते. दोघांच्या मनात म्हापशात खोली घेऊन राहायचं होतं. पण जावई बापासमोर तोंड उघडायचा नाही. आईविना घर, थोरला भाऊ बोटीवर, आपण निघालो तर बाप एकटा, म्हणून त्याची जीभच उचलेना. तेव्हा ते बोलणं माझ्यावर आलं. मुलीच्या बापाने मागणं म्हणजे मान खाली घालणं. मी मान कुणापुढे खाली घातलेली नाही. तरी पोरीचे पाय पाहिले आणि म्हटलं, बोलतो.

आमच्याकडे ह्याची एक रीत आहे. व्याही पानावर बसला आणि भात कालवायच्या आधी त्याने काही मागितलं, तर यजमानाने नाही म्हणायचं नसतं. कोरडा भात पुढ्यात असताना नाही म्हटलं तर त्या घरचं पाणीसुद्धा व्याह्याने परत प्यायचं नाही. म्हणून माणसं तसं सहसा मागत नाहीत. मी ठरवलं, एकदाच मागायचं आणि असंच मागायचं.

पहिल्या वेळी पान वाढलं, भात आला, मी घसा साफ केला. तोच हा ओरडला, "व्याहीबुवा, उठा, उठा! मोती वर इलो, रंग बघा तेचो!" माझा हात धरून टाकीपाशी नेलं, पडदा वर, आणि त्या नराच्या गळ्याचा केशरी रंग मला दाखवत बसवलं. मी मासा बघत होतो तेवढ्यात हा कधी उठून गेला मला कळलं नाही. परत पानावर आलो तर माझ्या भातावर हुमण घातलेलं. म्हणाला, "निवता म्हणान मीच घातलंय."

दुसऱ्या वेळी वीज गेली. पंप बंद. गुरामी वरची हवा घेऊन जगतात, पण बाकीच्यांचं काय, म्हणून ह्याने मला पानावरून उठवलं आणि हातात तांब्या दिला. टाकीतलं पाणी घ्यायचं आणि उंचावरून परत टाकीत ओतायचं, म्हणजे हवा मिसळते. अवजड गाडी चालवलेला माणूस मी, माशांना आंघोळ घालत उभा! वीज आली तेव्हा माझा हात भरून आला होता, आणि पानावरच्या भातावर हुमण होतंच.

मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "बाबा, तुमी बोलतलात, की मी त्या माशांकडेन निरोप धाडू?"

मला ते लागलं. घरी येऊन बायकोला म्हटलं, पुढच्या खेपेला काच फोडीन पण बोलीन.

पुढच्या खेपेला गेलो तर घरात वेगळीच गडबड. मोत्याच्या नराने पाण्यावर, वनस्पतीच्या आडोशाला, बुडबुड्यांचं घरटं बांधलं होतं. ही त्यांची रीत. नर तोंडाने फेस करून घर बांधतो, मादी अंडी घालते, मग नर ती राखतो. माझा व्याही टाकीला नाक लावून बसला होता. पान वाढलं गेलं, भात आला, आणि अपेक्षेप्रमाणे आतून हाक आली, "व्याहीबुवा, येवा! अंडी घातल्यान!"

ह्या वेळी मी उठलो तो ताट उचलूनच उठलो. ताट घेऊन टाकीपाशी गेलो, स्टुलावर बसलो आणि ते मांडीवर ठेवलं. भात तसाच, पांढरा, कोरडा. दारात मुलगी उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. हसत होती की काय ते मी बघितलं नाही.

व्याह्याने ताटाकडे एकदा पाहिलं आणि टाकीकडे बोट केलं. "आता मादयेक भायर काढूक होयी," म्हणाला. "अंडी घातल्यार नर तिका जवळ येवक दियत नाय. मारता."

"मग काढा की," मी म्हटलं.

"काढतलंय."

"कधी?"

मादी एका कोपऱ्यात, वनस्पतीत तोंड खुपसून उभी होती. मला तिचं काही पडलेलं नव्हतं. मी ताटावर हात ठेवला आणि म्हटलं, "व्याहीबुवा, मला मागायचंय."

"ठावक आसा माका," तो म्हणाला. टाकीवरची नजर त्याने काढली नाही. "तुमी कधीपासून काय बोलूक येतास ता माका ठावक आसा. तिचे पाय माका दिसनत नाय काय? पण तुमी एकदा मागलात म्हणजे माका नाय म्हणूक येवचा नाय. म्हणान तुमका मागूक दियत नाय होतंय."

एवढा वेळ मी ह्याला येडा समजत होतो. माझ्या भातावर दर खेपेला घाईने हुमण ओतणारा हा माणूस अजिबात येडा नव्हता.

"थोरलो बोटीर गेलो," तो म्हणाला. "तुमची विहीण गेली. आता ह्या घरात सांजचो दिवो लावल्यार कोणतरी आतसून 'इलंय' म्हणता, तेवढाच रवला हा." मग त्याने धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळला. "मागा आता. भात निवता."

मी मागितलं. कसं मागितलं ते मला सांगवत नाही. ट्रक मागे घेण्यासारखंच ते होतं, फक्त ह्या खेपेला समोरचाही मागे जात होता. त्याने मान हलवली आणि स्वतःच उठून हुमणाचं भांडं आणलं.

पण सुखासुखी सोडेल तर तो माझा व्याही कसला? म्हापशात खोल्या पाहायला तो स्वतः आला. घरमालकाच्या बाल्कनीत बसून वरच्या मजल्यावर कोण, खालच्यावर कोण, रात्री कोण मोठ्याने बोलतं, कुणाचं कुणाशी वाजतं, सारं विचारून घेतलं. तीन ठिकाणी माणसं पसंत नाहीत म्हणून उठला. चौथ्या घरमालकाने आगाऊ भाडं मागितलं, तर हा म्हणाला, "बरा आसा. कळयतंय." व्याह्याला खाली रस्त्यावर नेऊन मी असा काही बोललो की पाच मिनिटांत परत जाऊन होकार कळवला. ती खोली चांगली लागली. शेजारची म्हातारी माझ्या पोरीच्या बाळंतपणात आईसारखी उभी राहिली. हे मला कबूल करायला नको वाटतं, पण माणसं त्याने बरी निवडली.

नात झाली. बारशाला तो आला, नातीला मांडीवर घेऊन बसला, तिच्या डोळ्यात बराच वेळ बघितलं आणि "शांत स्वभावाची आसा" असं सांगितलं. ती तेव्हा जीव खाऊन रडत होती.

आता मी नातीला बघायला म्हापशाला जातो, आणि तिथून हळर्णची बस धरतो. मागायचं काही उरलेलं नाही, तरी धरतो. तो मला पान वाढतो, आणि हल्ली पानावरून उठवत नाही. मी निवांत जेवतो, भात माझा मीच कालवतो, आणि ते जेवण काही केल्या गोड लागत नाही. जेवून आम्ही टाकीसमोर बसतो. तो गप्प. पंपाचा आवाज तेवढा येत राहतो. मासे आपापल्या माळ्यावर फिरत असतात.

मग मी उगाच म्हणतो, "व्याहीबुवा, ह्यात दोन सोनेरी मासे सोडूया. रंग बरा दिसेल."

"सोनेरी?" तो ताठ होतो. "गुरामीबरोबर सोनेरी? अहो, त्यांका थंड पाणी होया, हेंका ऊन! ते दिसभर खातत आणि पाणी घाण करतत! तुमका कितके खेपे सांगूचा?" आणि सुरू होतो. पाणी, मीठ, ऊन, सावली, नर, मादी, कुणाबरोबर कोण नांदतं आणि कोण नाही. माझं डोकं उठतं. मी "असं होय?" म्हणतो. मागच्या खेपेलाही मी हेच विचारलं होतं, त्याच्या आधीच्याही. त्याच्या ते ध्यानात येत नाही. किंवा येतही असेल, त्याचं काही सांगता येत नाही.

बाहेर तिठ्यावर बसचा भोंगा वाजतो. तो बोलता बोलता थांबून माझ्याकडे बघतो. मी स्टूल जरा पुढे ओढतो आणि म्हणतो, "जाऊ दे ती. मागाहून दुसरी आहे. ऊन पाणी म्हणजे किती ऊन?"